कॉफीला गुण देण्याआधी पाणी पक्कं करा

गुहागरकडे घरगुती निवास चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांनी वेगवेगळ्या रोस्टरांकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्यांकडून, कॉफीची सहा पाकिटं मागवली: चिकमगळूरची दोन, कूर्ग, आंध्रातलं अराकू आणि इथिओपिया यांचं एकेक, आणि एक मॉन्सून्ड मलबार (पावसाळी वाऱ्यावर मुद्दाम ओलावलेल्या दाण्याची कॉफी). रोज एक याप्रमाणे व्ही-६० वर (कागदी फिल्टर लावून वरून हाताने पाणी ओतायचं शंकूसारखं भांडं) करून प्यायले आणि दहापैकी गुण लिहून ठेवले. आठवड्याने दुसरी फेरी केली तर सगळं उलटंपालटं. आठ मिळालेली कॉफी चारवर आली, चारवाली सातवर गेली. पाकिटांवर छापलेल्या ब्लूबेरी, जाईचं फूल, डार्क चॉकलेट यांतलं काही लागलं नाही. लागलं ते आंबट, नाहीतर कडू. पाहुण्यांसाठी त्यांना कॉफी ठरवायची आहे, म्हणून विचारतात: कुठला प्रदेश चांगला, कुठला रोस्टर चांगला, आणि आपल्या जिभेतच काही खोट आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जिभेत खोट नाही. एकाच कॉफीला आठवड्याच्या अंतराने आठ आणि चार मिळतात तेव्हा मधल्या काळात बरंच काही बदललेलं असतं. पाकीट उघडून दिवस झालेले असतात, पाणी कमी-जास्त तापलेलं असतं, ओतणारा हात कधी घाईत असतो, आणि आधी काय खाल्लं होतं तेही वेगळं असतं. शिवाय सोमवारची कॉफी आणि शनिवारची कॉफी आपण आठवणीत ताडून पाहतो, आणि चवीची आठवण फार कच्ची असते. माझंही तसंच आहे, आणि मी हे रोज करते.

मी कुडाळजवळ कॉफी भाजते आणि किनाऱ्यावरच्या काही कॅफेंना व निवासांना देते. त्याआधी कर्नाटकात एका निर्यातदाराच्या चाखणीच्या खोलीत काम केलं. कुठला लॉट घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा, हे चव पाहून ठरवणं हेच तिथलं काम. तिथे शिकलेली पहिली गोष्ट अशी की एकट्या कपाला गुण द्यायचे नाहीत. शेजारी दुसरा कप हवा, दोन्हींना तेच पाणी, तेच वजन, तीच वेळ हवी. मग जो फरक उरतो तो कॉफीचा, आणि त्यालाच गुण. तुमच्या सहा पाकिटांत मात्र जात, प्रक्रिया, रोस्ट, भाजल्याची तारीख आणि विकणारा हे सगळंच वेगळं आहे. त्यावर पाणी आणि दिवसही बदलले. मग सात हा आकडा कशाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण किनाऱ्यावर सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. कॉफीच्या कपात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. स्पेशल्टी कॉफी असोसिएशन या उंची दर्जाच्या कॉफीच्या जागतिक संघटनेच्या मापदंडात चाखणीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, दर लिटरला मिलिग्रॅममध्ये) १५० च्या आसपास आणि पीएच ७ च्या आसपास धरला आहे. आपल्याकडे जांभ्याच्या कातळातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं. त्यात क्षार कमी आणि बायकार्बोनेटही कमी. हे बायकार्बोनेट कॉफीतला आंबटपणा थोडा खाऊन टाकतं. ते अगदीच कमी असलं की आंबटपणा उघडा पडतो आणि चांगली, हलकी भाजलेली कॉफीही लिंबाच्या पाण्यासारखी लागते. उलट काही बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट इतकं असतं की इथिओपियाच्या कॉफीतला सगळा आंबटपणा पुसला जातो आणि चव खडूसारखी सपाट होते. समुद्रालगतच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये विहिरी मचूळ होतात, तेव्हा तिसरीच तऱ्हा.

मे महिन्यात एकदा मी चिकमगळूरच्या एका इस्टेटची वॉश्ड (फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली) एस-७९५ जातीची कॉफी तीन ग्लासांत मांडली. वजन तेच, दळण तेच, किटलीतलं तापमान तेच, फक्त पाणी तीन तऱ्हेचं. खास बनवलेल्या पाण्यातल्या कॉफीत गुळाचा गोडवा होता, मोसंबीचा हलका आंबटपणा आणि मागून भाजक्या काजूची चव. घरच्या विहिरीच्या पाण्यातली पातळ लागली. आंबटपणा जिभेच्या कडांना चावत होता आणि गोडवा शोधावा लागत होता. किनाऱ्यालगतच्या विहिरीच्या पाण्यातला पहिला घोट तिन्हींत सगळ्यात गोड वाटला, कारण मिठाने कडवटपणा दबतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला चव बोथट झाली आणि गिळल्यावर खारट कड राहिली. पाकीट लपवून हे तीन ग्लास दिले असते तर चांगल्या चाखणाऱ्यानेही त्या तीन वेगळ्या कॉफी मानल्या असत्या. म्हणून कुणी आपली गुणांची वही पाठवली की मी पहिल्यांदा पाणी विचारते.

टीडीएसचं छोटं मीटर अनेकांकडे असतं. ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतं, ते क्षार कुठले हे सांगत नाही. मिठाचे दोनशे आणि बायकार्बोनेटचे दोनशे मीटरवर सारखेच दिसतात आणि कपात दोन टोकांना असतात. चाखणीपुरतं पाणी घरी बनवलेलं सगळ्यात बरं. आरओचं पाणी घ्या, मीटरवर वीसच्या आत येणारं. एका बाटलीत १०० मिली पाण्यात २० ग्रॅम खाण्यायोग्य प्रतीचं एप्सम सॉल्ट विरघळवा, दुसरीत १०० मिली पाण्यात ७ ग्रॅम खाण्याचा सोडा. चाखणीच्या दर लिटर पाण्याला दोन्हींतलं एकेक मिली. औषधाच्या सिरिंजने नीट मोजता येतं. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि वरचेवर नव्या बनवा. एवढी खटपट नको असेल तर एकाच कंपनीचं बाटलीबंद पाणी धरा आणि कायम तेच वापरा. ते आदर्श नसेल, पण रोज तेच असेल, आणि तुलनेला तेच लागतं. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी पिण्यासाठी नसतं, ते यात आणू नका.

पाहुण्यांना मात्र तुम्ही विहिरीचंच पाणी वापरणार असाल तर शेवटची निवड त्याच पाण्यात करा. आधी बनवलेल्या पाण्यात कॉफी ओळखायची, मग आपल्या पाण्यात ती कशी वागते ते बघायचं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त एकाच बैठकीत मिसळू नका.

आता पद्धत. व्ही-६० प्यायला छान आहे, तुलनेला वाईट. ओतण्याचा वेग, धार कुठे पडली, फिल्टर किती भिजला, प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो आणि सहा कॉफी एकदम करताही येत नाहीत. त्याऐवजी कपिंग करा, म्हणजे ग्लासातल्या भुकटीवर सरळ पाणी ओतून चमच्याने चाखणं. त्यात हाताचं कसब लागतच नाही, म्हणून जगभर खरेदीच्या खोल्यांत तीच पद्धत आहे. प्रमाण १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी. तुमचे ग्लास २०० मिलीचे असतील तर ११ ग्रॅम. सगळे ग्लास एकाच मापाचे, काचेचे किंवा चिनी मातीचे घ्या. स्टीलच्या पेल्यात कॉफी लवकर निवते. दळण जाड रव्याएवढं. एका कॉफीवरून दुसरीवर जाताना ग्राइंडरमधून नव्या कॉफीचे थोडे दाणे दळून टाकून द्या, नाहीतर आधीचीच भुकटी पुढच्या ग्लासात जाते.

आधी कोरड्या भुकटीचा वास घ्या आणि लिहा. मग उकळी विरली की, साधारण ९३ अंशांचं पाणी काठापर्यंत ओता आणि हात लावू नका. वर साय धरते. चार मिनिटांनी चमच्याने ती साय मागे ढकला आणि त्याच क्षणी नाक ग्लासाजवळ न्या. वासाची सगळ्यात मोठी लाट तेव्हा येते. मग दोन चमच्यांनी फेस काढून टाका आणि कॉफी तोंडात घेण्याजोगी होईपर्यंत थांबा. चमच्याने थोडी घेऊन जोरात भुरका मारा, म्हणजे ती तोंडभर उडते आणि वास मागून नाकात चढतो. दोन ग्लासांच्या मध्ये चमचा स्वच्छ पाण्यात बुडवा. थुंकायला वेगळा पेला ठेवा. सहा कॉफी तीन-तीनदा गिळल्या तर तिसऱ्या फेरीपर्यंत हात थरथरायला लागेल आणि निर्णय बिघडेल.

चाखणीच्या फेऱ्या तीन करा: गरम, कोमट आणि गार. तीन का, तर कॉफी निवताना बदलते आणि तो बदलच सगळ्यात जास्त माहिती देतो. गरम असताना कडवटपणा आणि वास पुढे असतात. कोमट झाली की आंबटपणा आणि गोडवा उघडतात. अगदी गार झाली की दोष लपत नाहीत. परवाच एका नॅचरल प्रक्रियेच्या, म्हणजे फळासकट वाळवलेल्या, कॉफीत हे फार स्पष्ट दिसलं. गरम असताना तिला पिकलेल्या काजूच्या बोंडाचा वास होता, दाट आणि मोहात पाडणारा. तेव्हाच गुण दिले असते तर ती सगळ्यांच्या वर गेली असती. कोमट झाल्यावर तोच वास आंबत चाललेल्या बोंडाकडे झुकला, आणि गार झाल्यावर घशाशी सरळ व्हिनेगरची चव राहिली. शेजारची साधी वॉश्ड कॉफी गरम असताना कुणी वळून पाहिली नसती. ती गार झाल्यावर ऊस चघळल्यासारखी गोड लागत होती. मी दुसरी घेतली. तुम्ही व्ही-६० चा कप गरमागरम संपवत असाल तर यातला अर्धा भाग तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पुढच्या वेळी शेवटचे दोन घोट अर्धा तास ठेवून प्या.

बैठक कुठे मांडता तेही पाहा. स्वयंपाकघरात सोडे-सुकट असतील किंवा नुकतीच फोडणी बसली असेल तर पडवीत बसा. सकाळी, नाश्त्याच्या आधी किंवा जेवून दोनेक तास झाल्यावर. पान-तंबाखू नको, हाताला अत्तर-साबणाचा वास नको.

आता पाकिटावरच्या ब्लूबेरीविषयी. तो शब्द रोस्टरने त्याच्या चाखणीत, त्याच्या पाण्यात, ताज्या कॉफीवर लिहिलेला असतो. जाणकारांत स्वादांचं एक चक्र वापरतात, त्यातले बरेच दाखले पाश्चात्त्य बाजारातले आहेत. ज्या माणसाने ताजी ब्लूबेरी कधी खाल्लेली नाही, त्याला ती कपात सापडत नाही यात नवल काय? तुमच्याकडे त्याहून चांगली शिदोरी आहे. ताजं करवंद, पिकलेलं जांभूळ, रातांबा, कैरी, आवळा, बोंड, फणसाचा गरा, काकवी, भाजकी नाचणी, जायफळ, ओला काजू, ही सगळी तोंडपाठ आहेत. इथिओपियाच्या नॅचरल कॉफीत जिथे ब्लूबेरी लिहितात तिथे मला बहुतेकदा पिकलेलं करवंद सापडतं. केनियाच्या चांगल्या कॉफीत जांभळाचा रसाळ, किंचित तुरट आंबटपणा असतो. आपले शब्द वापरा. फक्त एकच शब्द कायम एकाच चवीसाठी वापरा, म्हणजे सहा महिन्यांनी वही वाचताना उपयोग होईल.

आंबटपणाचे प्रकार वेगळे करायला शिकलात तर अर्धी लढाई जिंकली. कोमट पाण्याच्या पेल्यांत थोडा लिंबाचा रस, थोडा चिंचेचा कोळ आणि थोडं हिरव्या सफरचंदाचं पाणी वेगवेगळं ठेवा, सगळं अगदी फिकं. लिंबाचा आंबटपणा पुढे लगेच लागतो आणि जातो. सफरचंदाचा गोल असतो, गालांना लागतो. चिंचेचा मागे रेंगाळतो. चौथ्या पेल्यात व्हिनेगरचा एखादा थेंब टाका, कारण तो कपात वाढला की दोष मानायचा. हे पेले चाखून लगेच कॉफीकडे आलात तर ‘आंबट’ हा एकच शब्द पुरेनासा होईल.

लिहिताना दोन रकाने करा. पहिल्यात काय आहे ते: आंबटपणा किती आणि कसला, गोडवा, कडवटपणा, तोंडातला दाटपणा, मागून काय राहतं. दुसऱ्यात मला किती आवडलं ते. पहिला भरून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. हे माझ्या मनचं नाही. स्पेशल्टी कॉफी असोसिएशनच्या जुन्या तक्त्यात वर्णन आणि पसंती एकाच आकड्यात येत असत. त्यांच्या नव्या मूल्यमापन पद्धतीत वर्णनाचा तक्ता वेगळा आणि पसंतीचा वेगळा आहे. इस्टेटचं नाव, प्रमाणपत्रं, गोष्ट यांसारख्या कपाबाहेरच्या माहितीचा तर तिसराच. पसंतीला तिथे १ ते ९ अशी पट्टी आहे आणि ५ म्हणजे अगदी मधला, दर्जा धड वरचा नाही, धड खालचाही नाही. घरी मी हीच पट्टी सुचवेन. दहापैकी गुण देताना आपण शाळेच्या सवयीने सगळ्यांना सहा ते आठच्या मध्ये कोंबतो. मधला आकडा खरोखर मधला असला की नावडलेल्या कॉफीला तीन देताना हात अडत नाही.

काही पाकिटांवर ८५ किंवा ८७ असे आकडे छापलेले असतात. ती शंभराची पट्टी वेगळी आहे. त्यात ८० आणि त्यावरची कॉफी स्पेशल्टी गणली जाते. हा आकडा बहुतेक वेळा कच्च्या दाण्याचा नमुना हलका भाजून, प्रशिक्षित चाखणाऱ्याने दिलेला असतो. पाकिटातला रोस्ट त्याहून गडद असू शकतो, तारीख जुनी असू शकते. म्हणून ८७ ची कॉफी तुमच्या ग्लासात ८४ च्या कॉफीपेक्षा कमी आवडली तर गोंधळू नका. तो आकडा खरेदीच्या टेबलावर कामाचा, तुमच्या टेबलावर नुसता संदर्भ.

कुठली कॉफी कुठल्या ग्लासात आहे हे तुम्हाला ठाऊक नसणं फार गरजेचं आहे. घरातल्या कुणाला तरी ग्लासाच्या बुडाला आकडे चिकटवायला सांगा आणि शेवटी उलटून पाहा. महाग पाकीट आणि सुंदर छपाई जिभेला फसवतात, अनुभव्यालाही. आणि गुण देण्याच्या आधी एक तपासणी करा: तीन ग्लास मांडा, दोनांत एकच कॉफी, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कुठला ते ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणजे सहा वेळा केलं तर दोन बरोबर फुकटात. सहापैकी पाच आले तर मात्र फरक तुम्हाला खरोखर लागतोय, कारण निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात दोनाहूनही कमी आहे. ज्या दोन कॉफींतला फरक असा ओळखता येत नाही, त्यांपैकी एकीला सात आणि दुसरीला पाच देण्यात अर्थ नाही. स्वस्त असेल ती घ्या.

आता रोस्टर आणि प्रदेश. हे दोन प्रश्न दोन वेगवेगळ्या मांडण्यांनी सोडवावे लागतात. रोस्टर ताडून पाहायचे तर दाणा एकच हवा. आपल्याकडच्या काही इस्टेटींची कॉफी एकाहून जास्त रोस्टर विकतात. कर्नाटकातल्या रत्नागिरी इस्टेटची तशी मिळते (नावावरून आपल्या रत्नागिरीची समजू नका). एकाच इस्टेटची, एकाच प्रक्रियेची, जवळच्या तारखेला भाजलेली दोन पाकिटं दोघांकडून मागवा आणि शेजारी मांडा. मग एकात पावासारखी, सपक, कोरडी चव असेल तर भाजताना दाणा रेंगाळला. कच्च्या शेंगदाण्याची, गवताची चव असेल तर आतून भाजलाच नाही. राख आणि धूर लागत असेल तर जास्त भाजला किंवा पृष्ठभाग करपला. हे रोस्टरचे दोष, आणि दाणा एकच असल्याने नाव घेऊन सांगता येतात.

प्रदेश ताडून पाहायचे तर उलट: रोस्टर एकच, प्रक्रिया एकच, रोस्टची पातळी शक्य तितकी जवळची. चिकमगळूरची वॉश्ड, अराकूची वॉश्ड, इथिओपियाची वॉश्ड. तेव्हा कुठे प्रदेश बोलायला लागतो. तरीही प्रदेशाच्या नावावर फार विसंबू नका. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, अराकू आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला व वायनाडच्या रोबस्टाला (कॉफीच्या या दोन मुख्य जाती) भौगोलिक मानांकन मिळालं. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं, पण म्हणून पेटीतला प्रत्येक आंबा गोड निघत नाही. बाग, तोडणी आणि पिकवणी बघावीच लागते. कॉफीतही जात, उंची, फळ लाल झाल्यावरच तोडलं की हिरवं-लाल एकदम ओरबाडलं, आणि वाळवण कशी झाली, यांचा वाटा मोठा आहे. तोडणीचा अंदाज तर घरबसल्या येतो. भाजलेले दाणे ताटलीत पसरा. बाकीचे तपकिरी असताना मध्येच फिकट, पिवळट, न रंगलेले दाणे दिसले तर ते कच्च्या फळांतले. दहा-बारा वेचून वेगळे चावून पाहा: कागद आणि कच्चा शेंगदाणा. मूठभर दाण्यांत ते बरेच निघाले तर कपातला गोडवा त्यांनीच खाल्लाय.

कोंदट, बुरशीची चव आली तर मात्र दुसऱ्याला दोष देण्याआधी आपलं कपाट उघडा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट असते की उघडं पाकीट पटकन नरमतं, आणि दळलेली कॉफी त्याहून लवकर. दळून आणलेल्या कॉफीला या किनाऱ्यावर गुण देऊच नका. दाणे घ्या, छोटी पाकिटं घ्या. जास्त असेल तर बैठकीपुरत्या पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडू नका, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं. हलका रोस्ट भाजल्यानंतर साधारण आठवडाभराने उघडा. पहिल्या दिवसांत आतला वायू चव झाकतो. तुलनेतली सगळी पाकिटं एकाच दिवशी उघडा.

तुमच्या सहांतली मॉन्सून्ड मलबार या रांगेत बसवू नका. ती वेगळ्या हेतूची कॉफी आहे. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचेपर्यंत महिनेच्या महिने ओल खाऊन दाणा फुगायचा आणि पिवळा पडायचा. प्रवास लवकर होऊ लागला तशी ती चव गेली, आणि ज्यांना ती हवी होती त्यांच्यासाठी मंगळूरच्या बाजूला गोदामांत पावसाळी वारा मुद्दाम खेळवून दाणा तसा करायला लागले. आंबटपणा जवळपास नाहीसा, दाटपणा भरपूर, वासात माती आणि जुनं लाकूड. तुमच्या वहीत तिला एकदा चार आणि एकदा सात का मिळाले याचा मला अंदाज आहे. पहिल्यांदा ती इथिओपियाच्या मागोमाग प्यायलात आणि दुसऱ्यांदा एकटी. तिला दुधात तपासा, दाट फिल्टर कॉफीत तपासा, आणि दुसऱ्या मॉन्सून्डशीच ताडून पाहा. रोबस्टाचंही तेच. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा असते आणि कूर्ग-वायनाडची नीट धुतलेली रोबस्टा दुधात फार छान लागते. अरेबिकाच्या रांगेत तिला गुण देणं अन्यायाचं आहे.

तेव्हा पाहुण्यांसाठी काय, हे तुमचे पाहुणे काय पितात त्यावर आहे. मुंबई-पुण्याहून आलेला चौकोनी कुटुंबांचा गट सकाळी दूध-साखरेची कॉफी मागत असेल, तर हलक्या रोस्टची महाग इथिओपिया त्यात हरवते आणि कधीकधी तिच्या आंबटपणाने दूध विचित्र लागतं. तिथे मध्यम किंवा थोड्या गडद रोस्टची चिकमगळूर, हवं तर थोड्या रोबस्टासह, जास्त समाधान देईल. दुधाची निवड दुधातच करा: प्रत्येक कॉफी दाट करून, सगळ्यांत सारखं दूध, साखर नाही, आणि तीच १ ते ९ ची पट्टी. काळी पिणारे पाहुणे थोडे असतील तर त्यांच्यासाठी एकच चांगली वॉश्ड कॉफी छोट्या पाकिटांत ठेवा. काळी आणि दुधाची अशा दोन याद्या वेगळ्या ठेवल्यात की ‘सगळ्यात चांगली कॉफी’ शोधायची गरज उरत नाही.

उरलेली पाकिटं आता आठवडाभर उघडी आहेत, ती पिऊन संपवा, त्यांच्यावर निर्णय घेऊ नका. पुढच्या मागणीत फक्त चार पाकिटं घ्या: एकाच रोस्टरकडून चिकमगळूर आणि अराकूची वॉश्ड, आणि त्यातलीच चिकमगळूरची इस्टेट जर दुसरा कोणी विकत असेल तर त्याच्याकडून एक. नसेल विकत, तर जी इस्टेट दोघांकडेही आहे तिच्यापासून सुरुवात करा. चौथं पाकीट म्हणजे तुम्हाला आधीच आवडणारी, नेहमीची कॉफी. ती प्रत्येक बैठकीत एका ग्लासात असू द्या, दर वेळी ताजं पाकीट. तिला तुम्ही सहा देत आलात आणि एखाद्या दिवशी चार द्यावेसे वाटले, तर त्या दिवशी पाणी, दळण किंवा तुमची सर्दी बिघडलेली आहे. ती बैठक वहीत लिहा, पण हिशेबात धरू नका. पावसाळा तोंडावर असेल तर हे सगळं जूनच्या आत उरका किंवा पाकिटं शंभर-शंभर ग्रॅमचीच मागवा. पहिली बैठक झाली की पाणी कुठलं वापरलं ते आणि दोन्ही रकाने लिहून पाठवा, पुढचं त्यावरून बघू.